विमा कंपनीची नवी सिस्टीम, सव्वा वर्षानंतर: चिपळूणच्या एका एजंटचा अभिप्राय

पाचपैकी तीन तारे. गणपतीपर्यंत दोन देणार होते, घटस्थापनेला एक वाढवला. का ते पुढे येईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मला अजून तिचंच काम करायचं आहे आणि माझं कमिशनही याच सिस्टीममधून निघतं. मी चिपळुणात १९९९ पासून जनरल विम्याची एजंट आहे. रिक्षा, टेम्पो, दुचाकी, दुकानं, घरं, अलीकडे मेडिक्लेम. आज ४१२ ग्राहक आहेत, गोवळकोटपासून वर दसपटीपर्यंत आणि थोडे दापोलीच्या बाजूला. अ‍ॅपवर ग्राहकांचे अभिप्राय पुष्कळ सापडतील, "मस्त अ‍ॅप" नाहीतर "ओटीपी येत नाही" एवढेच. जी माणसं दिवसातून वीस वेळा त्यात डोकं घालतात, त्यांना कोणी विचारत नाही.

आधी जुन्या सिस्टीमबद्दल, कारण तिच्याशिवाय नवीचं मोल कळणार नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाही. एफ-थ्री दाबलं की बाहेर, एफ-ट्वेल्व्ह दाबलं की एक पाऊल मागे. आम्हा एजंटांना हात लावायची मुभा नव्हती. शाखेत खुर्चीच्या मागे उभं राहायचं आणि क्लार्कच्या खांद्यावरून बघायचं. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो ती कोबोल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेली होती. कोबोल १९५९ ची, म्हणजे महाराष्ट्र राज्यापेक्षा वर्षभराने मोठी. दिवसभराच्या पावत्या रात्री "बॅच" लागून जमा व्हायच्या आणि बॅच अडकली की दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत शाखेत नुसता चहा.

तरी ती सिस्टीम मला का प्रिय होती ते सांगते. २२ जुलै २०२१ बद्दल चिपळूणकराला वेगळं सांगायला नको. बाजारपेठेतल्या माझ्या गाळ्यात वाशिष्ठीचं पाणी छताला टेकलं. २००५ चा अनुभव होता म्हणून फायली सात फुटांवरच्या फळीवर ठेवल्या होत्या. त्याही गेल्या. बावीस वर्षांचे कागद हातात घेतले तर भिजवलेल्या पोह्यांचा गोळा. ग्राहकांची दुकानं चिखलात, त्यांच्या पॉलिसी चिखलात, माझ्याकडच्या प्रती चिखलात. आठव्या दिवशी एका ग्राहकाच्या टेम्पोतून रत्नागिरीच्या ऑफिसात गेले. तिथले हेडक्लार्क, सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं, काही न विचारता पडद्यासमोर बसले. मी आठवून आठवून दुकानाचं नाव सांगायचं, त्यांनी टायपायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ६३ दुकानांचे कागद डॉट मॅट्रिक्समधून करकरत बाहेर आले.

प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ होती: शेरा. साठ अक्षरांची मोकळी जागा, क्लार्कला वाटेल ते लिहायला. एका कापड दुकानाच्या शेऱ्यात काकांनी २०१६ साली लिहून ठेवलं होतं, "२००५ चे पाणी ७ फूट, कल्पना दिली, पूर कव्हर घेतले." नुकसान तपासायला सर्व्हेअर आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न तोच होता, दुकान पुराच्या पट्ट्यात आहे हे विमा घेताना सांगितलं होतं का. विम्यात माहिती लपवली असं ठरलं की क्लेम मेलाच समजा. दुकानदाराकडे पुरावा काय असणार? त्याच्याकडे तर गल्लाही उरला नव्हता. ती साठ अक्षरं पुढे केली आणि प्रश्न मिटला.

आता जुनी इतकी गुणाची होती तर बदलली का? बदलायलाच हवी होती, हे मी काकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. सेवाकर १ जून २०१५ ला १२.३६ टक्क्यांवरून १४ झाला, १५ नोव्हेंबरला साडेचौदा, पुढच्या १ जूनला पंधरा आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीचे अठरा. दोन वर्षांत चार वेळा. कराचा दर म्हणे जागोजागी प्रोग्रॅममध्येच लिहिलेला. एक जागा बदलली की दुसरी राहायची. जीएसटी लागला तेव्हा चार दिवस आम्ही हाताने पावत्या फाडल्या. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि छोट्या दुकानांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आली. जुन्या सिस्टीमला ती नावं पचेनात. जुन्याच कोडाखाली नवी पॉलिसी कोंबायची आणि नाव शाईच्या शिक्क्याने मारायचं. काका २०२२ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर काही अडलं की मुंबईला फोन, आणि मुंबईत ती भाषा येणारी दोनच माणसं उरलेली.

भाच्याने मला समजावलं होतं, घर बदलायच्या दोन तऱ्हा असतात. एका रात्रीत सगळं सामान हलवायचं, नाहीतर जुनं चालू ठेवून आधी मोटार, मग दुकानं, मग मेडिक्लेम असं एकेक नव्यात न्यायचं, जुनं आपोआप रिकामं होतं. दुसऱ्या तऱ्हेला एका झाडाचं नाव आहे म्हणे, दुसऱ्या झाडावर रुजून त्याला गिळून टाकणाऱ्या वडाच्या जातीचं. मी म्हटलं, आमच्या चिऱ्याच्या गडग्यात पिंपळ रुजतो तसं होय? तो म्हणाला, "हो, पण मावशी, त्याला वर्षं लागतात." कंपनीने पहिली तऱ्हा निवडली.

आणि मुहूर्त? शुक्रवार ६ सप्टेंबर २०२४, संध्याकाळी ६ ते सोमवार सकाळी ९ सर्व व्यवहार बंद. सात तारखेला गणेश चतुर्थी. मुख्य कार्यालयात कोणीतरी कॅलेंडर बघून सुट्टीचा शनिवार-रविवार शोधला असणार, व्यवहार कमीत कमी म्हणून. त्या माणसाचं कोकणात घर नाही एवढं नक्की. आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा धंदा त्याच आठवड्यात. चाकरमानी गाडी घेऊन येतो, आईचा मेडिक्लेम, घराचा विमा, भावाच्या रिक्षाचं रिन्युअल, सगळं मखर लावता लावता उरकतो आणि गौरी गेल्या की परत मुंबईला. नंतर त्याला फोनवर धरायचं म्हणजे दिवाळी उजाडते.

विमा कायदा १९३८ चा, त्यातलं कलम ६४ व्हीबी प्रत्येक एजंटला पाठ. हप्ता आधी, जोखीम नंतर. पैसे जमा झाले नाहीत तर कंपनी एका मिनिटाचीही जबाबदारी घेत नाही. त्यामुळे त्या तीन दिवसांत ज्यांची मुदत संपत होती अशा ३७ जणांच्या दारात मी आदल्या आठवड्यात पावसातून फिरले. ३६ झाले. एक टेम्पोवाला राहिला, त्याचा फोन लागला नाही. तो शनिवारी पैसे घेऊन हजर. सोमवारी सकाळी नऊला सिस्टीम उघडली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी, १२ तारखेला, गौरी-गणपतीच्या विसर्जनाला दुपारी तीन वाजता उघडली. विसर्जनाच्या दिवसात टेम्पोला सोन्याचा भाव असतो आणि याचा टेम्पो विमा नाही म्हणून अंगणात ताडपत्रीखाली. मला म्हणाला, "ताई, गणपती आले नि गेले, तुमचा कॉम्प्युटर काय सोवळ्यात होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची भरपाई कोणी दिली नाही, मी त्या वर्षीचं माझं कमिशन सोडलं.

आता चांगलं. ते खरोखर चांगलं आहे, कुरकुरायचं म्हणून कुरकुरणाऱ्यातली मी नाही. रात्री अकरा वाजता ओटीवर बसून रिन्युअल करता येतं. पॉलिसी दोन मिनिटांत ग्राहकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. गाडीवर बँकेचा बोजा चढवायचा-उतरवायचा तर एंडोर्समेंटला, म्हणजे पॉलिसीतल्या तेवढ्या बदलाला, पूर्वी चार दिवस आणि खेर्डीहून शाखेत दोन खेपा, आता त्याच दिवशी. क्लेमचे फोटो जागेवरून चढतात, सर्व्हेअर कोण नेमला ते दिसतं. कमिशनचा हिशोब पैशापर्यंत कळतो, जरी पहिले दोन महिने तो आलाच नव्हता.

आणि घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा जीएसटी शून्य झाला. २०१७ ची आठवण ताजी होती, म्हणून मी सकाळी घट बसवायच्या आधीच पावती पुस्तक काढून ठेवलं होतं. सव्वानऊला एका काकूंचं रिन्युअल उघडलं. २४,००० चा हप्ता, काल कर धरून २८,३२० दाखवत होता, आज चोवीस हजार सरळ. गाडीचं उघडलं, तिथे अठरा टक्के जसाच्या तसा. एकही चूक नाही, एक मिनिट बंद नाही. पावती पुस्तक परत कपाटात. तिसरा तारा त्या सकाळचा.

राहिलेले दोन का कापले? सामान हलवताना जे फुटलं आणि जे जुन्या घरातच राहिलं, त्यापायी.

जुन्या सिस्टीममध्ये मोबाईल नंबर लिहायला जागाच नव्हती. ती बनली तेव्हा मोबाईल होते कुठे? मग क्लार्क लोक पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत नंबर घालायचे. नव्या सिस्टीमने ती ओळ पत्ता म्हणून इमानदारीने उचलली. परिणाम असा की पाकिटावर "मु. पो. अमुक, खालची वाडी, ९८२२..." छापून यायला लागलं आणि मोबाईलचा रकाना रिकामा. मोबाईल नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे रिन्युअल नाही. मी दोनशेवर नंबर एकेक करून भरले. भरले तरी निम्म्यांचा नंबर विरारच्या नाहीतर नालासोपाऱ्याच्या मुलाचा. इकडे बाबा अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजतायत, तिकडे मुलगा लोकलमध्ये, आणि ओटीपी त्याच्या खिशात.

वाढदिवसाची गंमत वेगळीच. गाडीच्या विम्याला जन्मतारीख लागत नाही, म्हणून जुन्यात ती कोणी भरली नव्हती. हलवताना रिकामा रकाना चालेना, तेव्हा सरसकट १ जानेवारी १९०१ घातली गेली. गेल्या नववर्षाच्या सकाळी माझ्या जवळजवळ दीडशे ग्राहकांना कंपनीकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या. आमच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेने तसाही १ जून, त्यामुळे फारसं कोणाला नवल वाटलं नाही. एका आजोबांनी मात्र फोन करून विचारलं, शुभेच्छांबरोबर काही सूट आहे का.

पत्त्याच्या फॉर्ममध्ये "फ्लॅट क्रमांक" आणि "रस्त्याचं नाव" सक्तीचं. दसपटीतल्या घराला काय फ्लॅट क्रमांक देऊ? सगळीकडे १ टाकते. रस्त्याच्या जागी "पाणंद" लिहिलं की चालतं, ते एक बरं आहे. गाडीच्या नंबरात क्लार्कनी शून्याच्या जागी ओ टायपलेले, त्या गाड्या सरकारच्या वाहन नोंदीशी जुळेनात, त्या मी शोधून शोधून दुरुस्त केल्या. मराठीचा पर्याय दिला आहे, त्यात नॉमिनीला "उमेदवार" म्हटलं आहे. एका सासूबाईंनी सुनेचं नाव घालायला नकार दिला, ती कुठे उभी राहणार म्हणून. मी भाषा इंग्रजीवर ठेवते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

नव्या सिस्टीमचा अभिमान असा की एक ग्राहक, एक ओळख. पूर्वी पॉलिसीप्रमाणे नोंद होती, आता माणसाप्रमाणे. कल्पना उत्तम. पण आमच्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आजोबांचं नाव नातवाला, आणि जुन्यात वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. दोन चुलत भाऊ सिस्टीमला एकच वाटले आणि तिने त्यांना जोडून टाकलं. धाकट्या घरच्याने गाडी कुंभार्ली घाटात ठोकून क्लेम घेतला, थोरल्या घरच्याचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. हा माणूस गाडी चालवतो त्यापेक्षा धुतो जास्त. आठ वर्षांत ओरखडा नाही. त्याला सुचेना रागवावं कोणावर, भावावर, माझ्यावर की कॉम्प्युटरवर. त्याने तिघांवरही रागावून घेतलं.

आणि पेठमापच्या काकू. मेडिक्लेम २०११ पासून, एकही वर्ष खंड नाही. मेडिक्लेममध्ये पहिल्या पॉलिसीची तारीख म्हणजे सर्वस्व, काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत त्या तारखेपासून मोजतात. काकूंच्या नावासमोर नव्या सिस्टीममध्ये पहिली तारीख आली ६ सप्टेंबर २०२४. जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, कॅशलेस नाकारलं, कारण काय तर चोवीस महिने पूर्ण नाहीत. काकू हॉस्पिटलच्या बाकड्यावर डोळ्यात थेंब घालून बसलेल्या, मला म्हणाल्या, "अगो, तेरा वर्षं भरले ते गेले कुठे?" माझ्या प्रती पुरात गेलेल्या. पण काकूंनी प्रत्येक वर्षीचा कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता, लग्नाच्या शालूखाली, आणि पेठमापात पाणी आलं तेव्हा त्यांनी आधी ती ट्रंक वर चढवली होती. ते तेरा कागद स्कॅन करून पाठवले, नऊ दिवसांनी तारीख दुरुस्त झाली, ऑपरेशन झालं. ज्यांच्याकडे ट्रंक नाही त्यांचं काय? माझ्या मेडिक्लेमच्या ५८ ग्राहकांपैकी ११ जणांची तारीख चुकलेली निघाली. मी स्वतः एकेक उघडून पाहिलं म्हणून कळलं, कंपनीने कळवलं नाही.

भाच्याला विचारलं, एवढी मोठी कंपनी, तपासत नाहीत का? तो म्हणाला तपासतात, पण काय तपासतात ते बघ. जुन्यात पॉलिसी किती, नव्यात किती. जुन्यात हप्त्यांची बेरीज किती, नव्यात किती. दोन्ही आकडे जुळले की हिरवा झेंडा. बेरीज जुळायला कोणाची तारीख बरोबर असावी लागत नाही.

मग मी शेऱ्याचं विचारलं, कारण एव्हाना लक्षात आलं होतं की तो रकानाच कुठे नाही. तीनदा लेखी तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." शेवटी रत्नागिरीच्या एका मॅडमनी खरं सांगितलं. कुठला जुना रकाना नव्यात कुठे जाईल याचा तक्ता केला होता, त्यात शेऱ्यापुढे लिहिलं गेलं, "मोकळा मजकूर, उपयोग नाही, नेऊ नये."

उपयोग नाही! थोरल्या-धाकट्या घरच्या त्या दोन भावांच्या नोंदीत काकांनी लिहिलं होतं, "हे ते नव्हेत, धाकटी पाती." तेवढं नेलं असतं आणि कोणी वाचलं असतं तर बोनस वाचला असता. कापड दुकानाचं ते पुराचं वाक्यही गेलं. पुढच्या पुरात सर्व्हेअर तोच प्रश्न विचारेल.

जुनी सिस्टीम रत्नागिरीच्या ऑफिसात एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अजून जिवंत आहे, फक्त वाचण्यापुरती. ३१ मार्च २०२६ ला तीही बंद होणार. मॅडमनी साहेबांची परवानगी काढून दिली. ऑक्टोबरपासून मी मंगळवारी सकाळच्या एसटीने जाते, दोनशे पानी वही घेऊन, माझ्या ग्राहकांचे शेरे उतरवून घ्यायला. छापायचं म्हणाल तर त्या डॉट मॅट्रिक्सची रिबीन आता मिळत नाही. एका फेरीत अठ्ठावीस-तीस होतात, कारण मी वाचत बसते. "चेक दोनदा परत, रोख घ्यावी." "दुपारी १ ते ४ फोन नको." केळशीच्या एका घराखाली, "निसर्ग वादळानंतर कौले काढून पत्रे." एका रिक्षाच्या नोंदीत, "गाडी मुलाच्या नावे करायची आहे, मुलगा तयार नाही."

मागच्या फेरीत माझ्या स्वतःच्या गाळ्याची पॉलिसी सापडली. शेरा काकांचा, २०१९ चा: "एजंट स्वतः. फायली ७ फुटांवर. पुरेसे नाही असे सांगितले." मला सांगितलेलं आठवत नाही. सांगितलं असेल.

शेरे असलेले माझे ग्राहक ३१०, त्यातले १६८ उतरून झाले. नव्या सिस्टीममध्ये ते कुठे घालायचे हा प्रश्न आहेच. सध्या पत्त्याची तिसरी ओळ रिकामी आहे, तिथे घालते आहे. पुढचा मंगळवार मॅडमची रजा आहे, म्हणून बुधवारी जाणार.